रिंगेवरचा मासा

मिस्त्री, पत्राला फार उशीर झाला, माफ करा. तुम्हाला जाऊनच तीस-पस्तीस वर्षं झाली, तेव्हा उशीर तरी किती म्हणायचा. मी चौथीपर्यंत शिकलेला, अक्षर कोंबडीच्या पायांसारखं. तुम्हाला तर वाचताच येत नव्हतं. म्हणजे हे तुम्ही कोणाकडून तरी वाचून घेणार, आणि तो माणूस कोण असेल, तो गावभर करेल का, याचीही मला आता काळजी लागली आहे.

काल नातवाच्या मोटरसायकलवर बसून अलिबागला डोळे दाखवायला गेलो होतो. वाटेत हवा भरायला थांबलो, तर पंक्चरवाला एका जुन्या ट्रकच्या चाकात हवा भरत होता. रिंगेचं चाक, आणि हा त्याच्यावर ओणवा. मी ओरडलो, "अरे, चाकाला तोंड दाखवू नको!" तो हसला. "आजोबा, चाक काय सासरा हाय माझा, तोंड लपवायला?" नातूही हसला. मी मात्र पंक्चरवाल्याचा दंड धरून त्याला बाजूला ओढलं आणि हवा भरून होईपर्यंत सोडलं नाही. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून सकाळी वही घेतली.

वाडीवाल्या मालकांची ती पिकअप तुम्हाला आठवत असेलच. लढाईतून उरलेली, लष्करी रंगाची, नारळ-सुपारी रेवसच्या धक्क्यावर पोचवायची. मी तिचा ड्रायव्हर, आणि तिची दुखणी काढणारे तुम्ही. पहिल्याच दिवशी तुम्ही मला चाकाशी बसवून समजावलं होतं, की टायर चढवला की वरून ही लोखंडी रिंग बसते, आणि आतली हवाच तिला जागेवर दाबून धरते. पण रिंग नीट बसली नसेल, तर तीच हवा तिला गोळीसारखी उडवते. "चारी चाकांच्या चार रिंगा. दिसायला सारख्या, पण जी ज्या चाकाबरोबर झिजली ती त्याचीच. अदलाबदल करायची न्हाय." लिहिता येत नव्हतं म्हणून तुम्ही चाकावर आणि त्याच्या रिंगेवर डांबराने एकच खूण काढायचात. एका जोडीला मासा, एकीला नारळ, एकीला चंद्रकोर, चौथीला नुसती रेघ. हवा भरण्याआधी चाकाला काथ्याच्या दोराचे तीन वेढे घालायचात. दोर शेजारच्या कोळीणबाईंच्या होडीचा. त्या कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "मिस्त्री, माझ्या होडीचा दोर चाकाला बांधतंस, मग होडीला काय तुजा मुंडासा बांधू?" तुम्ही म्हणायचात, "बांध ना बाय, तेवढीच माजी दर्यावर फेरी व्हईल."

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी टायर संपले होते. नवे मुंबईहून यायचे होते. गाडी ओंडक्यांवर उभी, चाकं सोडून ठेवलेली, आणि तुम्ही लेकीकडे पालीला गेलेले. खंडेनवमीला गाडीची पूजा. मालक म्हणाले, "यंदा चाकं जरा पूजेला शोभतील अशी कर." खाऱ्या वाऱ्याने त्यांना पापुद्रे सुटले होते. मी दोन दिवस बसून सुटलेले पापुद्रे खरवडले आणि वरून लाल रंग मारला. चाकंही लाल, रिंगाही लाल. वाळायला पडवीत ओळीने लावल्या, तेव्हा किती देखण्या दिसल्या म्हणून सांगू. मग हातातला ब्रश तसाच राहिला. मासा कुठे, नारळ कुठे, काहीच कळेना. मी अंदाजाने जोड्या लावल्या.

नवे टायर आले, पाठोपाठ तुम्ही आलात. रंग बघून भुवया वर केल्यात. "नवरी सजवलीस व्हय रं? जोड्या तशाच हायत ना?"

मी म्हणालो, "व्हय, तशाच हायत."

तीन चाकं नीट बसली. चौथ्याला पंप मीच मारत होतो. दोर बांधलेला होता, तुम्ही बाजूला बसून हातोडीने रिंग हळूच ठोकून आवाज ऐकत होतात. तुम्ही म्हणता, "थांब, बोली बरोबर न्हाय..." आणि पुढचं मला ऐकूच येत नाही. दोराचा एक वेढा तुटला, दोन टिकले. ते नसते तर तुमचं डोकंच गेलं असतं. गेलं ते उजवं मनगट. गाडीला चाकं नाहीत, म्हणून बैलगाडीतून तुम्हाला अलिबागच्या दवाखान्यात नेलं. ओठ पांढरे पडले होते, तरी म्हणालात, "मोटारीचा मिस्त्री नि बैलाच्या गाडीत. कोणाला सांगू नकोस."

मालक घाबरेघुबरे होऊन आले. कोणी कोणाला काही विचारायच्या आत तुम्ही म्हणालात, "रिंग गंजली होती. ड्रायव्हरची काय चूक न्हाय." मिस्त्री, कोणी माझं नावसुद्धा घेतलं नव्हतं. मग तुम्ही ते का म्हणालात?

हात गळ्यात बांधलेला असतानाच तुम्ही मालकांना बजावलंत, रिंगेची चाकं गेल्याशिवाय ही गाडी रस्त्यावर आणायची नाही. मुंबईच्या जुन्या बाजारातून बिनरिंगेची, अखंड चाकं आली. तुम्ही पाटावर बसून तोंडाने सांगत होतात, हात माझे होते. भोकं जुळतात का बघ. चाक फिरवून बघ, कुठं घासतं का. टायरच्या कडेला रिठ्याचा फेस लाव, जबरदस्ती करू नको. मला वाटतं, माझ्या हाताला खरं काम त्या दोन दिवसांतच आलं. पुन्हा कोणी वापरू नयेत म्हणून जुन्या रिंगा तुम्ही मला करवतीने कापायला लावल्यात. शेवटी राहिली ती उडालेली. करवत लागली तसा रंग सुटला आणि खालून डांबराची शेपटी दिसली. माशाची. तिचं चाक तिथेच आडवं पडलेलं, आणि मार लागून रंग उडालेल्या जागी चंद्रकोरीचं टोक. मी रिंग धरल्यासारखं करून माशावर पाय ठेवला. तुम्ही आधी माझ्या पायाकडे पाहिलंत, मग चाकाकडे. "काप," म्हणालात, "थांबलास कशाला?"

त्यानंतर तुमच्या उजव्या हाताने पान्हा धरला नाही. डाव्या हाताने तुम्ही तुमची टायर काढायची टॉमी मला दिलीत, "ठेव, मला आता जड व्हते." दर आठवड्याला मी नारळ घेऊन यायचो. दारात येईपर्यंत ठरलेलं असायचं की आज सांगायचं. मग तुम्ही चहा मागवायचात, गाडीचं विचारायचात, आणि मी गाडीचंच सांगत बसायचो. तुम्ही गेलात त्या दिवशी मी माल घेऊन पनवेलला होतो.

या पाकिटावर पत्ता काय घालायचा ते मला समजत नाही. टॉमी ज्या डब्यात आहे त्यातच ठेवतो. सून डबा उघडत नाही, तिला गंजाचा वास सहन होत नाही. एवढं मात्र लिहून ठेवतो, की मी 'व्हय' म्हणालो तेव्हा मला माहीत नव्हतं असं नाही. पंपाचा पहिला दट्ट्या मारतानाही मला माहीत होतं, आणि मी मारला. तुम्ही तो मासा पाहिला होतात का, मिस्त्री? पाहूनही माझा चहा मागवत राहिलात का? एका शब्दात कळवा. पण लवकर कळवा.