पाकीट नसलेली पत्रे

मी, नामाजी नरसिंग गडदे, वय ६४, सेवानिवृत्त पोस्टमन, रा. कुरुंदा, ता. वसमत, जि. हिंगोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात व राजीखुशीने लिहीत आहे. डॉक्टरांनी हृदय कमजोर असल्याचे सांगितले आहे. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही.

१. राहते घर व अकरा मेंढ्या पत्नी पंचफुलाबाई हिला द्याव्यात. तिला वाचता येत नाही, म्हणून हा कागद आमच्या पोस्टमास्तर पुंजाजीने तिला मोठ्याने वाचून दाखवावा. कलम तीन वगळू नये. वगळण्याचा मोह त्याला होईल, तो भला माणूस आहे.

२. पुतण्या शिवहार याला माझ्या मालकीची सुतळीही देऊ नये. माझ्या तिरडीला त्याचा खांदा नको. वसमतला त्याचे इंटरनेटचे दुकान आहे. तिथल्या मशीनमध्ये त्याने गिऱ्हाइकाने दाबलेले प्रत्येक अक्षर गुपचूप साठवणारा प्रोग्राम घातला. अर्ध्या वसमतच्या पोरींचे मन त्याच्या कपाटात आहे. ती मशीन फोडा, असे मी लिहू शकत नाही, कारण ती माझी नाही. फोडली तर मात्र मला बरे वाटेल.

३. एकतीस वर्षे मी टपाल वाटले. तांड्यावरच्या बायांना त्यांच्या माणसांची पत्रे वाचून दाखवली. कोण कोणावर रुसले, कोणाला दिवस गेले, सगळे मला ठाऊक असे. त्यातला एक शब्द मी दुसऱ्या दारात नेला नाही. उघडे पोस्टकार्डसुद्धा विचारल्याशिवाय वाचले नाही. याचा मला भारी गर्व होता.

२००५ च्या मार्चमध्ये शिवहार म्हणाला, "काका, आपली सीमा माझ्या दुकानात बसून मैत्रिणीला काय काय लिहून राहिली, समदं माझ्याकडं जमा होतंय. पाहता का?" मी नको म्हणायला हवे होते. त्याने सव्वीस पाने छापून दिली. त्यांना पाकीट नव्हते, तिकीट नव्हते, म्हणून ती पत्रे नाहीतच अशी मी मनाची समजूत घातली आणि पोटच्या पोरीची पत्रे चोरासारखी वाचली.

सीमाने पुण्याला नर्सिंग शिकणाऱ्या मिनाला लिहिले होते, "मला हे लगीन न्हाई करायचं. पळून आले तर तुझ्या खोलीवर ठेवशील का?" मी जूनमध्ये ठरलेले तिचे लग्न एप्रिलमध्येच उरकले. सीमा आता औंढ्याला सासरच्या दुकानात बसून प्रसादाचे नारळ विकते. जावई वाईट नाही. पण तिला नर्स व्हायचे होते.

लग्नानंतरही मी शिवहारकडून, त्याच्याकडे साठलेल्या पासवर्डने, तिची ई-मेल उघडून घेत राहिलो. खोड लागली होती. त्यात तिचे शेवटचे पत्र दिसले, "मिना, तुझ्याबिगर कोणालाच ठाऊक नव्हतं. तूच सांगितलंस. माझ्यासाठी तू मेलीस." मिनाची त्यावर सात उत्तरे आली. सीमाने एकही उघडले नाही. ती मी उघडली.

सीमा, मिनाने कोणाला काही सांगितले नाही. मी वाचले. तीन वर्षे तुला तोंडावर सांगायची छाती झाली नाही, कारण तू मला पोस्टमन समजत होतीस. पासवर्ड बदल. तो अजून तोच आहे.

४. ती सव्वीस पाने लोखंडी पेटीत आहेत. ती सीमाच्या हाती द्यावीत. मधे कोणी वाचू नयेत.

५. हा कागद लाखेने बंद करून पुंजाजीकडे ठेवावा. मी जिवंत असेपर्यंत यातले एक अक्षर सीमाला कळू नये.

ठिकाण : कुरुंदा. दिनांक : १४ नोव्हेंबर २००८.
सही : नामाजी नरसिंग गडदे

साक्षीदार :
१) पुंजाजी मारोती ढोबळे, निवृत्त पोस्टमास्तर (सही)
२) मिना हरिचंद राठोड, नर्स, वसमत (सही)

सहीआधी काकांनी हा कागद मला स्वतः वाचायला दिला. सही त्यांच्यासमोर केली आहे. कलम पाच मला मान्य नाही. झेरॉक्स काढून मी दुपारच्या गाडीने औंढ्याला सीमाकडे निघाले आहे. — मिना