हनुवटीचं माप

आश्रमशाळा, ता. तलासरी
७ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप सरिताआत्यास,
शितलचा वाकून नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण, वसतिगृहात मोबाईल चालत नाही आणि अधीक्षिका मॅडमच्या फोनवर रविवारी इतकी रांग लागते की आपली पाळी येईपर्यंत काय बोलायचं तेच विसरायला होतं.

आमच्या शाळेला यंदा पन्नास वर्षं झाली. दसऱ्यानंतर, १२ ऑक्टोबरच्या रविवारी, जुन्या विद्यार्थ्यांना जेवायला बोलावलंय. कोणी नर्स, कोणी तलाठी, कोणी पोलीस असे चाळीस पाहुणे येणार आहेत. मंडपवाल्याकडून टेबल-खुर्च्या येणार. अधीक्षिका मॅडम म्हणत होत्या की सजावटीला वापीहून प्लास्टिकची फुलं आणू. मी वर्गात उठून उभी राहिले आणि सांगितलं की माझी आत्या नरपडच्या चिकूवाडीत मुंबईच्या पाहुण्यांची टेबलं मांडते, तिला सगळं येतं, आम्ही मुलीच सजावट करू. मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, हसल्या आणि ठीक आहे म्हणाल्या. आता मात्र पंचाईत झालीय. आमच्यातल्या कुणीच कधी टेबलावर जेवलेलं नाही.

म्हणून सगळं नीट लिहून पाठव. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, तू पण याच शाळेत होतीस. तर तू पाहुणी म्हणून ये.

माया आहेच, ती पत्रातून पाठव. पत्र मोठं लिही.
तुझी, शितल

नरपड
१४ सप्टेंबर २०२५

चि. शितल हिस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र चिकूवाडीच्या मालकीणबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, सरिता, तू तर मास्तरीण झालीस. मी दिवसभर हवेतच होते. डाळीत मीठ दोनदा पडलं.

आता ऐक. टेबलभर पसारा करायचा नाही. सगळी सजावट मधोमध, ताटाला आणि कोपराला जागा ठेवून. वासाची फुलं नकोत, जेवणाचा वास मरतो. ओलं काही ठेवलंत तर खाली पान घाला. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, सजावट बसलेल्या माणसाच्या हनुवटीच्या वर जाता कामा नये. समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे. तोंड दिसलं नाही तर जेवणात गप्पा कशा होणार? अकरा वर्षं मी हेच माप धरून काम करते, एकदाही चुकले नाही.

फुलं विकत आणू नका. झेंडू, कुरडू, सागाची पानं, नागलीची कणसं, सगळं आपल्या बांधावर आहे.

पाहुणी म्हणून यायचं मात्र राहू दे. तुझी आजी गेली, तुझा बाप तेव्हा दहा वर्षांचा, घरी चूल पेटवायला कुणी नव्हतं, म्हणून मी सातवीतून घरी बसले. बोलावणं शिकून मोठे झालेल्यांना आहे. माझं काम ताटामागे उभं राहून 'आणखी वाढू का' विचारण्याचं. मला कुणी खुर्चीत बसवलं तर हात कुठे ठेवू तेच कळणार नाही.

अभ्यास कर, केसांना तेल लाव, आणि आत्यावर असाच हक्क गाजवत राहा.
तुझी, आत्या

आश्रमशाळा, ता. तलासरी
२८ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आत्यास,
शितलचा आणि सोबतच्या सहा जणींचा नमस्कार.

तुझे नियम वहीत उतरवून काढले आणि वही देवासमोर ठेवली. आमच्यातली निलम म्हणाली, देवाला टेबल मांडायचं नाहीये, वही इकडे आण.

केळीचे खांब कापून उभे करायचे आणि त्यांत काड्या खोचून सगळीकडून पानं-फुलं भरायची असं ठरलंय. माप अगदी तुझ्याप्रमाणे घेतलं. आम्ही लहान, म्हणून मोठं माणूस हवं होतं. स्वयंपाकघरातल्या जानीमावशींना व्हरांड्यात पाट दिला, त्यांना मांडी घालून बसवलं आणि जमिनीपासून हनुवटीपर्यंत सुतळी धरली. हसून हसून त्यांची हनुवटी हलत होती, तीनदा मोजावं लागलं. तेवढेच बारा खांब कापणार, एक बोटसुद्धा जास्त नाही.

धोंडीआजोबांकडे, म्हणजे तुझ्या आबांकडे, भाताच्या लोंब्या मागितल्या तर त्यांनी घरी नव्या भाताची पूजा होईपर्यंत एकीलाही हात लावू दिला नाही. काल पूजा झाली आणि आज स्वतःच भारा डोक्यावर घेऊन गेटवर हजर! अधीक्षिका मॅडमनी त्यांना चहा दिला. आजोबांनी दुसरा कपही मागून घेतला.

आता काम सांगते. नरपडच्या किनाऱ्यावरून तळहाताएवढे शिंपले पाठव. प्रत्येकावर पाहुण्याचं नाव लिहून ताटाजवळ ठेवायचंय. पाहुणे चाळीस आहेत, तू एक्केचाळीस पाठव. आणि ये ना गं. मोठ्या मॅडमनी जुनं रजिस्टर काढलं, त्यात तुझं नाव मी बोट लावून वाचलं.

रागावू नकोस, लोभ कमी करू नकोस, शिंपले विसरू नकोस.
तुझी, शितल

नरपड
४ ऑक्टोबर २०२५

चि. शितल,
तुला आणि तुझ्या सहा जणींना आशीर्वाद.

शिंपले टेम्पोवाल्या रघ्याकडे दिलेत. एक जास्तीचा फुटेल म्हणून मागितलास ना? शहाणी आहेस. ओहोटीला दोन दिवस फिरून निवडले, म्हणून फोडू मात्र नका.

रजिस्टरचं वाचून थोडा वेळ चुलीपाशी नुसतीच बसले. मालकीणबाईंनी विचारलं तर डोळ्यांत धूर गेला म्हणाले. चूल गॅसची आहे.

बरं, येते. पण कामाला येते हे पक्कं. सकाळी लवकर येऊन मांडणी बघेन, वाढायला उभी राहीन आणि भांडी झाली की निघेन. मला बसायचा आग्रह केलास तर भरल्या हॉलमधून उठून जाईन, मग तुझंच हसं होईल.

भेटीपर्यंत जीव लावून काम कर.
तुझी, आत्या

नरपड
१३ ऑक्टोबर २०२५

चि. मुकेश यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

बोट वेरावळला लागेल तेव्हा हे पत्र शेठच्या ऑफिसात तुला मिळेल. जाळी बाजूला ठेव आणि आधी वाच, कारण तुझ्या लेकीने काल काय केलं ते फोनवर सांगायला गेले तर मला रडू येतं.

सकाळी शाळेत पोचले तर टेबलांची लांब रांग आणि त्यावर केळीचे बारा खांब. खालपासून वरपर्यंत सागाची पानं, मग कुरडू, झेंडू, नागलीची कणसं आणि माथ्यावर आपल्या आबाच्या शेतातल्या लोंब्या. इतकं देखणं काम आमच्या चिकूवाडीत मी अकरा वर्षांत केलेलं नाही. पण एकेक खांब सव्वादोन फूट! खुर्चीत बसून बघितलं तर समोर रानच रान, माणूस दिसेना. पोरींनी हनुवटीचं माप जमिनीपासून घेतलं होतं. शितलने पत्रात सगळं सरळ लिहिलं होतं, मीच वाचून हसले आणि पुढे गेले. जेवायला बसायचं म्हणजे जमिनीवर, हेच पोरींना ठाऊक. टेबलापासून मोजा, हे मी लिहिलंच नव्हतं. चूक माझी.

अधीक्षिका मॅडम म्हणाल्या, प्लास्टिकची फुलं बरी होती. त्यांनी खांब अर्धे करायला कोयता मागवला.  शितल रडली नाही, पण एका खांबावरचा हात काढेना. अरे मुकेश, मी आजवर कुणा मॅडमसमोर मान वर केलेली नाही. पण काल बोलले. मोठ्या मॅडमना म्हणाले, पोरींचं माप बरोबर आहे, टेबलं चुकीची आहेत. ती बाहेर काढा आणि सतरंज्या घाला. आम्ही सगळे या हॉलमध्ये जमिनीवर बसूनच जेवलो आणि मोठे झालो.

 मोठ्या मॅडमनी स्वतःच टेबलाचं एक टोक उचललं.

समोरासमोर दोन पंगती मांडल्या आणि मधल्या पट्ट्यात खांब. पाहुणे बसले आणि काय सांगू, लोंब्यांची टोकं बरोबर हनुवटीपाशी! इकडून तिकडे प्रत्येकाचं तोंड दिसत होतं. सातवीत माझ्या बाकावर बसणारी सुषमा आता नर्स आहे, ती पलीकडच्या पंगतीतून मला हाका मारू लागली. अधीक्षिका मॅडम कोयता स्वतः ठेवून आल्या आणि पोरींसोबत फोटो काढून घेतला.

मी पदर खोचून भाताची बादली उचलली, तर शितलने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि पंगतीच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे एक पान रिकामं होतं. पानाशेजारी एक्केचाळिसावा शिंपला, मीच निवडलेला, आणि त्यावर लिहिलेलं, सरिता धोंडी, सातवी, २००२. बसवलंस तर उठून जाईन, असं मी तिला पत्रात बजावलं होतं. पाय वळलेच नाहीत रे. बसले.

तुझ्या लेकीचा मला केवढा अभिमान वाटला ते कुठल्या शब्दात लिहू? नव्या तांदळाचा भात तिने वाढला, वर डाळ घातली आणि तिथेच उभी राहिली. मी खाली मान घालून जेवत होते. मग ती वाकली आणि अगदी माझ्याच सुरात तिने विचारलं, आणखी वाढू का. अकरा वर्षांत हे मला विचारणारी ती पहिलीच.

मी हो म्हणाले. दोनदा.

समुद्रावर सांभाळून राहा. दिवाळीला जमलं तर ये, शिंपला दाखवेन. हातात मात्र देणार नाही.
तुझी, ताई