बसऱ्याचा नाच, आवणीचे पाय

८ फेब्रुवारी १९४२, आटगाव
यमीच्या चोळ्या शिवायला टाकायला शहापूरला गेलो, मी आणि ती. लेकीचं लग्न वैशाखात, मुरबाडला दिलीय. शिवणारी हलीमाबी. तिचा नवरा दर्यापार, इराकात बसऱ्याच्या गोदीत कामाला. लढाईमुळे बायकोला इकडे भावाकडे पाठवली, आपण तिथंच. बऱ्याच दिवसांत पत्र नाही म्हणाली.
माप घेताना विचारलंन, "हळदीला नाचणार कोण गो?" यमी म्हणाली, "माझी आये." मी तिला चिमटा काढला. कुंकू नसलेल्या बाईनं हळदीला...
हलीमाबीनं दार लोटलं नि बसऱ्याच्या लग्नात बायका बायकांतच नाचतात तो नाच दाखवला. डोकं हलत नाही, खांदे हलत नाहीत. नुसती कंबर आणि पोट. पोटातून वरून खाली लाट गेली, तळ्यात जावी तशी. मी हसता हसता खालीच बसले. हे गेल्यापासून अशी हसले नव्हते. घरी येताना वाईट वाटलं. आटगाव येईपर्यंत गेलं.

१५ फेब्रु.
चोळीच्या मापात चूक झाली असं सांगून परत गेले. झाली नव्हती.
कंबरेचं चाक शिकले. म्हणजे शिकले नाही. "जात्यासारखं फिरवू?" "जातं हातानं फिरतं. हात बाजूला ठेव." तिनं काठाला पितळी टिकल्या असलेली ओढणी माझ्या कंबरेला बांधली. टिकल्या वाजल्या पाहिजेत. एक वाजेना. "तुझी कंबर झोपलीय गो!"

२२ फेब्रु.
आज वाजल्या! पण निराळीच भानगड. गुडघे वाकवून कंबर हलवली की माझे पाय आपोआप मागे जातात. हलीमाबी समोर परात वाजवते, मी मागं मागं, शेवटी भिंतीला आपटते. "कुठं चाललीस? नाच इथं आहे!" परत पुढे आणते, परत भिंत.
रस्त्यानं येताना उमगलं. आवणी. जन्मभर भाताची रोपं लावली. वाकायचं, रोप खोचायचं, पाऊल मागं. पुढं गेलं तर लावलेलं तुडवलं जाईल. माझ्या पायांना वाकलेले गुडघे म्हणजे आवणीच वाटते.
हे आठवले. मी लावत मागं यायची, तर हे मुद्दाम वाटेत उभे राहायचे. पाठ आपटली की म्हणायचे, "दिसत नाय का गो?" दर वर्षी. दर वर्षी मी रागवायची.

३ मार्च
पुडीच्या कागदावर लढाईची बातमी होती. किराण्याच्या कागदांवरच वाचायला शिकले, अजून तीच सवय, साखर डब्यात ओतायच्या आधी कागद वाचते. बसऱ्याचं नाव कुठं नव्हतं. हलीमाबीला सांगितलं. "नाव नाय म्हणजे बरंच आहे," म्हणाली. मग परात उचलली.
आठाचा आकडा येतो आता, इंग्रजी आठ, दोन वाटोळ्यांचा. कंबरेनं आठ काढायचा. अक्षर माझं वाईट, पण हा आठ चांगला येतो.

११ मार्च
सासूबाईंनी पाहिलं. गोठ्यात शेण भरताना आठ काढत होते. म्हैस बघत होती, तिचं काही नाही. मागे सासूबाई.
"काय गो, कंबर लचकली?"
"नाय आत्याबाई."
"मग?"
खरं सांगितलं. खोटं काय सांगणार? त्यांनी शेणाची पाटी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "माझं पण कुंकू गेलेलं, लेकाच्या हळदीला मी चुलीपाशी होते. भात करपू दिला नाय. तू पण तिथंच असशील."
त्यांचा लेक म्हणजे हे. माझ्याच लग्नाची गोष्ट ती. त्या वेळी मी नवरी, माझ्या मनात तरी आलं का की सासू कुठं आहे? राग नाही आला. दोघींनी मिळून शेण भरलं.

१९ मार्च
यमी हट्टाला पेटली. "आये नाचली नाय तर मी हळद लावून घेणार नाय. कोरडीच जाईन मुरबाडला."
सासूबाई: "जा. मुरबाडला हळद मिळते."
मला हसू आलं, दोघी माझ्यावर रागावल्या.
मी यमीला समजावलं, की मला चालेल. रात्री मनाशी म्हटलं, नाही चालणार. एकुलती लेक आहे. पण लेकीच्या हळदीत भांडण घालून मला नाचायचं नाही. सासूबाईंना चार बायकांत खाली बघायला लावून तर नाहीच.

५ एप्रिल
हलीमाबी आमच्याकडे आली, चोळ्या घेऊन. यमीच्या मैत्रिणींनी तिला सोडलंच नाही. खळ्यावर सगळ्या शिकायला उभ्या. परात वाजली, गुडघे वाकले, नि सगळी रांग निघाली मागं! एकीचीही पावलं पुढं जाईनात. गवताच्या उडवीत जाऊन पडल्या. हलीमाबी कपाळावर हात मारून, "बसऱ्याच्या बायका मला काय म्हणतील गो!" मग तीही हसून हसून पडली, डोळे पुसत होती. पुसत राहिली जरा जास्तच वेळ. मी पाणी दिलं.
सासूबाई ओटीवर नाचणी पाखडत होत्या. सूप हलत होतं. मला वाटलं, कंबरही. खात्री नाही.

२६ एप्रिल
मांडव घातला. यमी अबोला धरून. सासूबाईंनी कामं वाटली. मला चूल. त्यांनी आपला पाट आणून माझ्याशेजारी मांडला. म्हणजे दोघीही तिथंच.

३० एप्रिल
आज लग्न. सकाळीच लिहिते, मग वेळ नाही.
काल हळद. यमीनं शेवटी लावून घेतली, तोंड फुगवून. दिवे लागायच्या सुमारास हलीमाबीनं परात धरली. मांडव परसात, नि मी आणि सासूबाई मागल्या दारात, चुलीपाशी. माझ्या हातात डाळीची पळी.
पोरी मांडवात समोर उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठी करून. गुडघे वाकले, कंबरा फिरल्या. आणि निघाल्या मागं. मला आधी कळलं नाही. पाठी मोठ्या होत गेल्या. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी उंबरा ओलांडायला सांगितला नव्हता. आम्ही जिथल्या तिथंच होतो, मांडवच आमच्याकडे आला.
एकीची पाठ येऊन माझ्यावर आपटली.
"दिसत नाय का गो?" माझ्या तोंडून गेलं. ह्यांचाच सूर. सासूबाईंनी झटकन माझ्याकडे बघितलं. लेकाचा आवाज आई कशी विसरेल?
रांगेपलीकडून यमी बघत होती, पिवळी पिवळी. सासूबाईंनी हात पुढे केला.
"दे ती पळी इकडं."
दिली. हात रिकामे झाले, नि माझेही गुडघे वाकले.
आज गुडघे दुखतायत. सासूबाईंनी कंबरेला तेल लावून घेतलंय, कशासाठी ते विचारायची सोय नाही. बायकांची कुजबूज चालू आहे, ऐकू येते. मुरबाडचं वऱ्हाड आलं. अक्षता वाटतायत. मांडवात मी कुठं उभं राहायचं, ते मात्र अजून कुणी मला सांगितलेलं नाही.