छतालगतची हवा

प्रिय यशपाल,

सोलापुरात ऊन असं पडलंय की दुपारी रस्ता पाण्यासारखा हलताना दिसतो. आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग चालतात. त्यांच्या संथ खडखडाटात मी वायू ओळखणारी यंत्रं तपासत बसते आणि मन नकळत वणीकडच्या तुझ्या खाणीत उतरतं. कॉलेजात एका बाकावर बसणारे आपण. तू जमिनीखाली काम करतोस आणि मी तिथल्या हवेचा विचार करते.

यंत्रांच्या चाचणीसाठी मी तुझ्या खाणीत उतरले, तेव्हा तो अंधार मला परका वाटलाच नाही. दिव्याच्या उजेडात कोळशाच्या भिंती ओल्या रेशमासारख्या चमकत होत्या. कुठंतरी पाणी ठिबकत होतं. तुझी माणसं पुढं चालली होती, पण दिसत होते ते फक्त तरंगत जाणारे दिवे. तू हळूच म्हणालास, "हितं ज्याला भ्यायचं ते दिसतच न्हाय, साक्षी." ठिणगीनं भडकणाऱ्या मिथेनला ना रंग, ना वास. तरी मला तुझी बोली ऐकून घरी आल्यासारखं वाटलं.

सगळ्यांच्या छातीवर आमचं यंत्र होतं; वायू वाढला की ते थरथरणार. माझ्याजवळचं जादा यंत्र खिशात मावेना, म्हणून मी ते हेल्मेटच्या पट्ट्यात अडकवलं होतं. काम बंद असलेल्या एका बोगद्याच्या तोंडाशी आलो आणि माझ्या कपाळाशी पाखरू फडफडावं तसं काहीतरी थरथरलं. छातीवरचं मात्र गप्प. मिथेन हवेहून हलका, छताशी साठतो, हे आपण परीक्षेसाठी पाठ केलेलं. त्या क्षणी ते खरोखर डोक्यावर होतं. मी हेल्मेटकडं बोट दाखवलं; तू वर पाहिलंस, काही न विचारता सगळ्यांना मागं वळवलंस. मला पुढं घातलंस, स्वतः सगळ्यांच्या मागं राहिलास. मी सारखी वळून तुझा दिवा शोधत होते. वर उन्हात आल्यावरही मी तेच करत होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

खाणीत हवा खेळवणाऱ्या पंख्याचा झोत तिकडं वळवल्यावर तो थर विरला, हे तू नंतर कळवलंस. इकडं मी यंत्राची जागा बदलू म्हटलं, तर आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख धनाजीसर म्हणाले, "माल पाठवायची तारीख ठरलीय, आता बदल कशाला?" मी काचेच्या उंच पेटीत वायू सोडून एक यंत्र वर, एक मध्यावर टांगलं. वरचं थरथरू लागलं, मधलं कितीतरी वेळ शांत होतं. सर बघत राहिले, मग म्हणाले, "हेल्मेटवरच बसवू." मग उन्हात, धुळीत, घामात पुन्हा सगळं तपासलं. काल पहिली खेप तुमच्या खाणीकडं निघाली.

एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पण बाबा माझ्यासाठी स्थळं पाहू लागलेत. परवा जेवताना त्यांनी विचारलं, "तुझ्या मनात कोण हाय का?" मी तुझं नाव घेतलं. आईचा वाढता हात थांबला. बाबा म्हणाले, "खाणीत असतो तो?" मी व्हय म्हणाले. त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाले, "त्याला इचारलंस का पण?" ते विचारायला हे पत्र. तुझ्या मनात नसेल तर मोकळेपणानं सांग, आपली मैत्री उणी होणार नाही. असेल, तर पुढच्या सुट्टीत आमच्या घरी ये. पत्राच्या शेवटी नुसतं नाव लिहावं का, यावर मी खूप वेळ अडले होते. खाली जे लिहिलंय, ते विचार करून लिहिलंय.

तुझीच,
साक्षी