खांद्यावरून दिसलेले पप्पा

१८ सप्टें., गुरु.

एचआरच्या मॅडमनी कॅन्टीनमध्ये गाठलंच. यंदा खंडेनवमीच्या पूजेला घरच्यांना घेऊन या, आणि प्रत्येक डिपार्टमेंटमधून एकाने दोन मिनिटं बोलायचं. विषय, मी पाहिलेली पहिली कंपनी. क्वालिटीतून माझं नाव. कोणी सुचवलं ते कळेलच, मग बघते त्याच्याकडे. तोंडदेखलं नाही म्हटलं. आतून बरं वाटलं, कारण काय बोलायचं ते तिथेच ठरलं होतं.

पिंपरीतली पप्पांची कंपनी. खंडेनवमी. सगळी मशिनं बंद, त्यामुळे शेडमध्ये माणसांचे आवाज घुमतायत. मी पप्पांच्या खांद्यावर. त्यांच्या लेथला झेंडूचा हार. ते वाकले, मी मशीनवर एक फूल ठेवलं. मग ते माझ्याकडे बघून हसले. निळा युनिफॉर्म, तेलाचा वास.

तेव्हा मी पाचेक वर्षांची असेन. पुढच्या उन्हाळ्यात कावीळ झाली आणि पप्पा गेले. त्यांचं माझ्याकडे एवढंच आहे. बाकी सगळं ऐकलेलं, नाहीतर भिंतीवरच्या फोटोतलं.

१९ सप्टें., शुक्र.

बसमधून आईला फोन. पप्पांचा विषय तिच्याकडे सहसा काढत नाही, ती काहीतरी काम काढून उठून जाते. आज भाषणाच्या निमित्ताने सगळं सांगितलं. मला वाटलं, आता रडेल.

"खंडेनवमीला? तेव्हा ते कुठले आलेत इथं. नागपूरला असायचे की."

"एखाद्या वर्षी नसतील गेले."

"आगं, दीक्षाभूमी एक साल चुकवली नाही त्यांनी. दसऱ्याच्या दोन दिवस आधीच गाडीत बसायचे. अन् मशीनची पूजा करणारा माणूस होता का तो? काय बोलायलीस तू."

खरंच की. मी स्वतः दर दसऱ्याला पांढरी साडी नेसून विहारात जाते. पप्पा दर वर्षी नागपूरला जायचे हे लहानपणापासून ऐकत आले. आणि हाराचं, फुलाचंही तितकंच घट्ट धरून बसले. दोन्ही गोष्टी एका डोक्यात, आणि एकदाही शंका आली नाही. दिवसभर लोकांचा माल रिजेक्ट करते मी. धन्य आहे.

चिडचिड झाली. घरी येऊन लेकीला, रेवाला, उगाच ओरडले, तिचं काही चुकलं नव्हतं.

२१ सप्टें., रवि.

मोशीला शेळकेकाकांकडे जाऊन आले. पप्पांच्या शेजारच्या लेथवर होते ते. शेत होतं तिथे आता त्यांच्याच नावाची चार मजली बिल्डिंग, आणि काका खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसलेले. येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात, वॉचमनला काम उरलेलं नाही.

लगेच ओळखलं. "तुजा बाप खंडेनवमीला? न्हाई गं. त्यो नागपूरला. तुला मीच न्हेली व्हती. माजी दोन चालत, आन् तू बारकी म्हणून खांद्यावर."

मग हाराचं विचारलं. खदाखदा हसले. "जायच्या आधी मला दम देऊन जायचा. म्हणायचा, शेळक्या, माझं मशीन पुसायचं तेवढं पूस, हार घालू नको. मी घालायचोच. परत आला की चार दिवस बोलायचा न्हाई माज्याशी."

मीही हसले. हे माझ्याकडे नव्हतं. पप्पा रुसायचे, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

काकींनी चहा आणला. तो घेताना एकदम रडूच आलं. ते खांदे काकांचे. समोर बसलेत, बनियनवर, एक खांदा दुखतो म्हणून मलम लावलेलं. त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी तर चांगलंच केलं होतं, मित्राच्या पोरीला आपल्या पोरांबरोबर फिरवून आणलं. मला मात्र त्यांचा राग येत होता.

२४ सप्टें., बुध.

चाकण चौकात बस नेहमीसारखी अडकली. खाली गर्दीत एक माणूस, खांद्यावर पोरगी, देवीच्या मंडपाकडे चाललेला. ती भेळेचा कागद चाटत होती. बघता बघता लक्षात आलं, तिला त्याचा चेहरा दिसतच नाहीये. केस दिसतायत फक्त. खांद्यावर बसलेल्याला चेहरा दिसणार कसा?

मग पप्पा हसताना मला कुठून दिसले?

डोळे मिटून परत बघितलं. मी लांबून बघतेय. त्यांनाही, मलाही. खांद्यावरची पोरगी मी, आणि तिला बघणारीही मीच. आणि चेहरा आईकडच्या फोटोतला. लग्नातला, नीट भांग पाडलेला.

म्हणजे काकांच्या खांद्यावर मी फोटोतले पप्पा आणून बसवले. कधी, ते माहीत नाही. कोणाला फसवायचं म्हणून नाही. हवे होते म्हणून.

बस हलली. शेजारची सुनीता म्हणाली, "बरं नाही का?" मी म्हटलं, ॲसिडिटी.

२६ सप्टें., शुक्र.

जेवणाच्या सुट्टीत काकांचा फोन. "पोरी, माजं चुकलं त्या दिवशी. एक साल त्याची रजा मंजूर झाली न्हवती. त्यो व्हता. त्यानंच घेतलं व्हतं तुला."

"नक्की काका?"

"व्हय व्हय. आता आठवलं."

मागून काकींचा आवाज आला, "नीट सांगा तिला, रडत गेलीय पोरगी." मग फोन काकींकडे. काकांचं बीपी, नातवाची अकरावी, मोशीतलं ट्रॅफिक. खंडेनवमीचं काही नाही.

सकाळपासून चार बॅचेस तपासल्या होत्या, त्यानंतर एकही तपासावीशी वाटेना. काकांना खरंच आठवलं असेल. सत्तरी ओलांडलेला माणूस, एकदम आठवतं कधी कधी. किंवा काकींनी सांगायला लावलं असेल. मला पहिलंच पटायला हवंय, म्हणून तर त्याच्यावर विश्वास बसत नाही. परत मोशीला जाऊन विचारलं तर काका मला हवं तेच सांगतील, हे आता कळलंय. विचारण्यात अर्थ उरला नाही.

पप्पा, तुम्ही त्या वर्षी गाडीत बसला होतात की नाही, एवढंच.

१ ऑक्टो., बुध.

पूजा झाली. रेवाला घेऊन गेले, आईही आली. पूजेच्या वेळी ती बाहेर झाडाखाली बसून राहिली. नंतर माझं टेबल बघितलं, गेजेस हातात घेऊन बघितले, "एवढंसं मोजतीस व्हय," म्हणाली. कौतुकच होतं ते.

माझं नाव पुकारलं. म्हटलं, माझे पप्पा लेथवर होते. ते नसले की त्यांचं मशीन त्यांचे मित्र पुसून ठेवायचे, आणि नको सांगितलेला हारही घालायचे. लोक हसले, टाळ्या पडल्या, मी खाली उतरले.

रेवा म्हणाली, "आणि खांद्यावरचं?" ती लहान असल्यापासून तिला ते सांगत आलेय. म्हटलं, वेळ नव्हता गं.

२ ऑक्टो., गुरु.

सकाळी विहारात. मग दिघीला आईकडे, तिच्या हातची खीर. जेवण झाल्यावर रेवा मोबाईल घेऊन आत गेली. आई ताटं पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"ते खांद्यावरचं काय सांगत होतीस फोनवर?"

"जाऊ दे आई. ते नव्हतेच ना."

"नसू देत. सांग."

मग सांगितलं. बंद मशिनं, घुमणारे आवाज, हार. आई ताट पुसायची थांबली. तिने इतकं लक्ष देऊन माझं कधी ऐकलं नव्हतं. सांगता सांगता मी म्हणून गेले की पप्पांनी माझे घोटे धरले होते, आणि त्यांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, ती पायाला खरखरीत लागत होती.

चिंधीचं मी याआधी कोणालाच सांगितलं नव्हतं. रेवालाही नाही. मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

आई म्हणाली, "मशीनवर कापला होता. बराच होईना. उजवा ना?"

मी हो म्हटलं.

तिने ताट खाली ठेवलं आणि माझ्याजवळ येऊन बसली. "अजून काय होतं?"

मी आठवायला लागले.