नाळेची कुंडी

३ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे! किब्दोहून मेदेयिनला यायला बसने बारा तास घेतले. वाटेत दोनदा दरड उपसेपर्यंत थांबलो, आणि सगळा वेळ माझ्या मांडीवर क्रोटनची कुंडी. कंडक्टर म्हणाला, बाई, झाड टपावर टाका अन् पोरीला मांडीवर घ्या. मी म्हटलं, दोन्ही एकच आहे. तो आमच्याकडचाच असावा. हसला आणि पुढे गेला.

माझ्या लेकीची, यिसेलाची, नाळ त्या कुंडीत आहे. आमच्या नदीकाठी मूल झालं की नाळ झाडाखाली पुरतात, मग ते झाड त्या मुलाचं. ती झाली तेव्हा आम्ही गाव सोडून किब्दोत भाड्याच्या खोलीत राहायचो, अंगण कुठलं? आईने कुंडीत क्रोटन लावलं आणि त्यात पुरली. यिसेला आता सहा वर्षांची आहे. क्रोटनला ती ‘माझी बेंबी’ म्हणते आणि भांडण झालं की त्याच्याकडे माझी तक्रार करते.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, पूर्वेला मोठी खिडकी, भिंतींना ताज्या रंगाचा वास. उद्यापासून शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात शिवणकाम. यिसेला खोल्यांतून पळत सुटली आहे. तिच्या बापाशिवाय सहा वर्षं काढली, आता बरे दिवस येतील असं वाटतं. घर मात्र फारच रिकामं आहे. झाडं आणली पाहिजेत.

८ फेब्रुवारी

आज रविवारच्या बाजारातून झाडं निवडली. मी घाई करत नाही. कुंडी उचलायची, खालच्या भोकातून मुळं बाहेर आलीत का पाहायचं, पानं उलटून पिठ्या ढेकूण शोधायचे. न्हाणीघरासाठी नेचा, कारण ओल त्याला मानवते. अंधाऱ्या कोपऱ्यात स्नेक प्लांट, त्याला विसरलं तरी ते रागावत नाही. क्रोटन खिडकीत. त्याला ऊन कमी पडलं की रंग उतरतो.

समोरच्या दारात दोन्या सोराइदा राहतात, सगळी इमारत त्यांना मानाने नुसतं ‘दोन्या’ म्हणते. सत्तरीच्या, बारीक, बोलणं अगदी इथल्या शहरी बायकांसारखं. जिन्याच्या सज्जात त्यांच्या वीसेक कुंड्या आहेत. माझं पाणी घालणं बघून म्हणाल्या, अगं पोरी, झाडाला पाजतेस की बुडवतेस? बोट माती‌त घाल, कोरडं आलं तर पाणी, नाहीतर तांब्या ठेव खाली. इथे कामाला जाणारे सगळेच आपली किल्ली त्यांच्याकडे ठेवतात, दुपारी त्या झाडं बघतात. मीही दिली. शाळा सुटल्यावर यिसेलाही त्यांच्याकडेच बसेल.

त्यांचा मुलगा अन्सेल्मो बेचाळीस वर्षांचा, हातगाडीवर आवोकाडो विकतो. आमचा फ्रिज एकट्याने पाठीवर वर आणला आणि विचारलं, वहिनी, आत नवरा लपवलाय का? सकाळी सातला त्याची हाक चढणीवरून वर येते: लोण्यासारखे आवोकाडो, सासूसुद्धा गप्प बसेल असे! यिसेला त्याची नक्कल करत दात घासते.

१४ फेब्रुवारी

आज थोडी चोरी केली.

दोन्यांच्या सज्जात एक डिफेनबेकिया आहे. मनगटाएवढं खोड, हातभर पानं, पांढऱ्या ठिपक्यांची. अन्सेल्मोहून उंच. बाकी सगळ्यांच्या फांद्या त्या हसत देतात, हिची मागितली तर म्हणाल्या, चीक विषारी असतो, तुझ्या घरात पोर आहे. मागून आणलेली फांदी रुसते आणि चोरलेली जोमाने धरते, हे आमच्याकडे कुणाला ठाऊक नाही? जिन्यातल्या झाडाची फांदी सगळेच मोडतात, मालकीण बघून न बघितल्यासारखं करते. दोन्या चर्चमध्ये गेल्या होत्या. शिवणाच्या कात्रीने शेंडा कापला. फडताळात बाटलीत ठेवला आहे, मूळ धरल्यावर बाहेर काढीन.

चिकाने बोटांवर पुरळ उठलं. खाजतंय.

१५ फेब्रुवारी

सकाळी हाक आली नाही. अन्सेल्मोची जीभ सुजली आहे, तोंडात मावत नाही. दवाखान्यात म्हणाले, काहीतरी खाण्यात आलं असेल. मी मासळीचा पातळ रस्सा करून नेला. त्याने हाताने खूण केली, छान. दोन्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. म्हणाल्या, कारखान्यातल्या साबणाने होतं असं. मी म्हटलं, हो.

१९ फेब्रुवारी

पाच दिवसांत मुळं! पांढरी, बोटभर. असं मी कधी पाहिलं नव्हतं. यिसेला फडताळाशी कान लावून उभी होती. म्हणाली, अन्सेल्मोमामा आत आवोकाडो विकतोय. मी तिला रागावले.

लोभ सुटला हे खरं. दोन्या औषध आणायला गेल्या तेव्हा खोडाच्या फांदीची आणखी दोन पेरं कापली. अंगठ्याएवढी. आता तीन बाटल्या.

२० फेब्रुवारी

अन्सेल्मोची गाडी चढणीवर सुटली. दोन बोटं चाकाखाली गेली.

त्याला ओरडताही आलं नाही म्हणे. लोकांना उशिरा कळलं.

२३ फेब्रुवारी

दोन्यांनी हाक मारून बसवलं. गुळाचं गरम पाणी दिलं. यिसेला त्यांच्या मांडीवर होती. म्हणाल्या, मी आत्रातोकाठची, पोरी. तुझ्याच नदीची, तुझ्या गावाहून दोन वळणं खाली. इथे आमच्या बोलीला हसायचे, म्हणून ती सोडली. अन्सेल्मो या शहरातच झाला. तेव्हाही अंगण नव्हतं.

मग त्यांनी डिफेनबेकियाच्या कुंडीवर हात ठेवला. बेचाळीस वर्षं, चार घरं, म्हणाल्या, प्रत्येक वेळी मांडीवर घेऊन आणली.

मी पेला खाली ठेवला.

गावात कुठलं झाड कुणाचं ते शेंबडं पोरही सांगतं. त्या झाडाला कुणी नख लावत नाही. इथे कुंडीवर काही लिहिलेलं नसतं. मी दोन्यांना या शहरातल्याच समजले होते.

त्यांनी विचारलं, कुणी कापलं असेल गं? तुझी नजर तीक्ष्ण, तू सांग. मी म्हटलं, दुसऱ्या मजल्यावरची ती विद्यार्थिनी कात्री घेऊन फिरताना दिसली होती. त्यांनी यिसेलाचे केस सारखे केले. मग म्हणाल्या, कुणी का असेना. आणून दिलं तर बरं.

२४ फेब्रुवारी

परत द्यायचं म्हणजे कबूल करायचं. मग सगळी इमारत, कारखाना... आमच्या नदीवरसुद्धा बातमी जाईल. यिसेलाला शाळेत काय म्हणतील? कामावरून काढलं तर तिला घेऊन कुठे जाऊ?

शेंड्याला नवं पान येतंय. गुंडाळलेलं, गुलाबीसर. झाडाला असा रंग नसतो.

दुपारी तिन्ही फांद्या चिरल्या. उकळत्या पाण्यात घातल्या. पिशवीत बांधून कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. मोकळं वाटलं.

लिहायला नको, पण वाटलं.

२५ फेब्रुवारी

अन्सेल्मो गेला. काल दुपारी. अंगावर भाजल्यासारखे फोड आले होते. डॉक्टरांना कळलं नाही.

२ मार्च

नऊ दिवसांच्या प्रार्थना चालू आहेत. मी रोज जाते, खुर्च्या मांडते, कॉफी देते. न जाऊन कसं चालेल? दोन्या रडत नाहीत. आज म्हणाल्या, तू बस इथे सगळ्यांबरोबर, मी तुझी झाडं बघून येते, तीही माणसंच.

मी चाळीस जणींमध्ये बसले होते. उठता आलं नाही.

घरी आले तर क्रोटनच्या तीन फांद्या नाहीत. काप तिरका, स्वच्छ. माझ्या कात्रीहून चांगला.

३ मार्च

यिसेलाला डाव्या कानाने ऐकू येत नाही. मी मागून हाक मारते, ती वळत नाही. तिला गंमत वाटतेय.

समोरचं दार ठोठावलं. दोन्यांनी उघडलं, हसल्या. खिडकीत तीन बाटल्या एका ओळीत. प्रत्येकीत क्रोटन. म्हणाल्या, चोरलेलं जोमाने धरतं ना?

मी पायांवर पडले. त्यांनी मला उठवून खुर्चीत बसवलं. साखर किती, विचारलं.

म्हणाल्या, तुझ्या बोटांवरचं पुरळ मी पहिल्याच दिवशी ओळखलं. दहा दिवस थांबले. आणून दिलं असतंस तर त्याच कुंडीत खोचलं असतं. धरलं असतं. पुन्हा ओरडला असता तो चढणीवरून. मी तर तुला गुळाचं पाणी पाजून विचारलं होतं. आणि तू काय केलंस? दुसऱ्याच्या पोरीवर ढकललंस. मग शिजवलंस.

४ मार्च

कुलूप बदललं. क्रोटन कारखान्यात नेलं, मांडीवर ठेवून शिवलं. उपयोग काय. बाटल्या त्या म्हातारीकडे —

एका बाटलीतलं पाणी तिने आज बदललं नाही. यिसेलाला ताप. संध्याकाळी बदललं. ताप उतरला. दार उघडं ठेवलं होतं, मला दिसावं म्हणून.

पोलिसांना काय सांगू? शेजारीण झाडाला पाणी घालत नाही?

५ मार्च

तिने सौदा सांगितला. आवाज अगदी मऊ.

तुझी नाळ कुठे पुरली आहे, पोरी?

मी सांगितलं नाही. म्हटलं, माहीत नाही. देवा, आई असून मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, ठीक. कात्री उचलली. म्हणाली, क्रोटन डेरेदार हवं तर शेंडा खुडावा लागतो, तुला काय वाटतं, कुठून घेऊ? तू निवड. तुला झाडांतलं कळतं.

मधल्या बाटलीतल्या क्रोटनला कात्री लावली. आतल्या खोलीत यिसेला —

सांगितलं. नीरफणस. आईच्या घरामागे, धक्क्याच्या वरच्या अंगाला, जुना, दोन माणसांच्या कवेत न मावणारा.

६ मार्च

म्हातारीचा भाऊ अजून नदीकाठी राहतो, त्याचा फोन आला. तो झाडापाशी उभा आहे. कुऱ्हाड आणि आणखी एक माणूस. फोन टेबलावर ठेवलाय. नदीचा आवाज येतोय.

यिसेला तिच्याकडेच राहणार. हाच सौदा: माझं झाड तोडायचं, मग पोरीच्या फांद्यांना कात्री लागणार नाही. तुझं पोर मी वाढवीन, म्हणाली, इतक्या कुंड्या सांभाळते, त्यात एक. यिसेला तिच्याकडून वेणी घालून घेतेय. मला हात हलवला. उजव्या कानाच्या बाजूने बोलायचं हे तिला — हे दोन्यांना सांगायला हवं.

बूड खूप जाड आहे. वेळ लागेल, असं तो म्हणतोय.

पहिला घाव. घोट्यात. उभी राहू शकत नाही. बसून लिहिते.

दोन्या, वही तुमच्यासाठी. सकाळचं ऊन द्या, दुपारचं नको. पाणी बोट कोरडं आल्यावर. तिला मासळीचे काटे काढून द्यावे लागतात. रात्री दिवा —

गुडघे.

पानं ओल्या फडक्याने पुसा, पाठीमागूनही. तिन्ही बाटल्या एका कुंडीत लावा, वेगळ्या ठेवू नका, हात जोडते, वेगळ्या नका. तिला माझ्याबद्दल विचारलं तर सांगा की

तो म्हणतोय, जरा बाजूला व्हा, आता कलतंय, आता