पान टाकताना बोलायचं नाही

१३ जून २०२५, शुक्रवार

माझ्यामुळे डाव गेला. इथे तरी खोटं लिहिणार नाही.

माझी बायको अरुंधती, तिने किल्वरचा एक्का टाकला. माझ्याकडे किल्वर नाही असं समजून मी बदामाच्या तिर्रीने तो कापला. बदाम हुकूम होता. चांदपाशा माझा भिडू, तो खूश! तीन हातांनंतर इस्पिकची उतारी आली, मी माझी इस्पिकची अठ्ठी टाकली. चांदपाशाची बायको खैरुनभाभी, त्यांनी ती उचलून पाहिली.

"भाऊ, ही तर किल्वर हाय."

रंग असून हुकूम मारला. आमच्यात याला माफी नाही. सगळा डाव गेला, वर कोट – चारही दश्श्या बायकांच्या नावावर! मी म्हणालो, पडदे ओढून बसता, उजेड आहे कुठे? दुपारचे तीन वाजले होते.

ही वही आता जाड मार्करने लिहितो. एका पानावर सात ओळी बसतात.

१५ जून

स्वानंदला शपथ घातली आहे. साखरेमुळे डोळ्यांत आतून सूज आली आहे, बघेन तिथे मधोमध डाग दिसतो – हे डॉक्टर, माझा मुलगा आणि मी, एवढ्यांतच राहील. अरुंधतीला सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढला. कळलं तर कीव करतील. कुणी कीव करावी म्हणून मी पत्ते खेळत नाही!

२० जून, शुक्रवार

भाभींनी नवा कायदा काढला. पान टाकणाऱ्याने पानाचं नाव मोठ्याने घ्यायचं. का? तर "तोंड शिवून बसायचा कंटाळा आला भाऊ, मयतीला बसल्यावानी." चांदपाशा लगेच, "बराबर हाय." अरुंधतीनेही मान डोलावली. जणू आधीच ठरलं होतं.

मी तणतणलो. मुकाट खेळायचा नियम माझा आहे! अठ्ठावीस वर्षांचा. एमआयडीसीत शेजारी शेजारी खोल्या होत्या तेव्हापासूनचा. आमच्या लोखंडी सळयांच्या मिलला सुट्टी शुक्रवारी. चांदपाशा जुम्म्याची नमाज पढून आला की सतरंजी टाकायची आणि मेंढीकोट – दोन नवरे विरुद्ध दोन बायका. आणि या दोघी महालबाड. अरुंधतीने मध्येच "चहा ठेवू का" विचारलं की हुकमाचा एक्का तिच्याकडे, हे कळायला मला एक वर्ष लागलं! तेव्हा ठरवून टाकलं, पान टाकताना बोलायचं नाही. बोलेल त्याचा हात गेला. ईद असो, दिवाळी असो, स्वानंदच्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा तो नियम कुणी मोडला नाही.

आज तिघे एका बाजूला, मी एकटा. ऐकावं लागलं.

२७ जून, शुक्रवार

हसू आवरत नाही. भोळे आहेत तिघे! पानाचं नाव घेतात, त्यामुळे मला खाली बघावंच लागत नाही. माझी तेरा पानं नाकाशी धरतो, मान वाकडी करून कडेच्या नजरेने ओळखतो. बाकीची डोक्यात. डोकं अजून शाबूत आहे म्हटलं!

चांदपाशा तर एसटीच्या कंडक्टरसारखा ओरडतो. "चौकट गुलाम! चौकट गुलाम!" मी म्हणालो, अरे, मिलमध्ये तुझा कान गेला, माझा नाही. सगळे हसले.

कोट केला आम्ही. भाभींना म्हणालो, तुमच्याच कायद्याने तुम्हाला बुडवलं. त्या म्हणाल्या, "हौ ना भाऊ, चुकलंच आमचं."

४ जुलै, शुक्रवार

पुन्हा जिंकलो. पण घरी आलो तर स्वानंद बसलेला. अरुंधती आत गेली तसा म्हणाला, बाबा, आता बस करा. डोळ्यांना ताण देऊ नका. तुमच्या जागी नदीम बसेल, तुम्ही नुसतं बघत बसा.

बघत बसा! कशाने?

सव्वीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभा होतो, लाल लोखंडाकडे बघत. तेव्हा भ्यालो नाही, आता साखरेला भिऊ? नदीम चांदपाशाचा मुलगा, गुणी आहे, पत्तेही चांगले खेळतो. म्हणूनच भीती वाटते. एकदा त्याला जागा दिली की गेली. मग माझ्याकडे काय राहील? गोळ्यांचा डबा आणि सात ओळींची वही. त्या सतरंजीवर चांदपाशासमोरची जागा माझी आहे. मेल्यावर उचला. जिवंतपणी उठणार नाही!

११ जुलै, शुक्रवार

सलग तिसऱ्यांदा जिंकलो. जेवताना अरुंधती म्हणाली, आजकाल फार हुशार झालात हो. फसवतोय तुला, आणि तुला पत्ता नाही! थोडं वाईट वाटलं. थोडंच.

१७ जुलै

उद्या डोळ्यात इंजेक्शन. नेमकी शुक्रवारचीच तारीख मिळाली. स्वानंद संभाजीनगरला नेणार आहे. अरुंधतीला सांगितलं, पेन्शनचं काम आहे. चांदपाशाने फोनवर विचारलं, नदीमला बसवू का? मी म्हणालो, बसव. एकाच दिवसापुरता!

१९ जुलै

ओळी वाकड्या येतील. येऊ देत.

काल काम लवकर आटोपलं. स्वानंदला म्हणालो, घरी नको, चांदपाशाकडे सोड. दारात उभा राहिलो. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला उन्हातून आल्यामुळे आत नुसता अंधार. पानं पडल्याचे आवाज येत होते. मी कान दिला.

कुणी नाव घेत नव्हतं. एकही पान नाही. नदीम मध्येच काही बोलला, तर अरुंधतीने दटावलं, "पान टाकताना बोलायचं नाही. ठाऊक आहे ना?"

मी खोकलो. नदीम उठला आणि त्याने मला धरून जागेवर बसवलं. पट्टीचं कुणीच विचारलं नाही. नव्याने पानं वाटली.

"चौकट सत्ती," भाभी म्हणाल्या. आवाज जरा बारीक होता.

मी म्हणालो, "मोठ्यानं, भाभी."